एक तोंड खरवडायचं राहिलंय

हो, दिसतंय मला! डोळे शाबूत आहेत अजून माझे – एक तोंड राहिलंय, एकच, आणि ते बघायला तुला मशिदीपासून इथपर्यंत तंगडतोड करायला लावली होय त्यांनी? या दारांवरची अकरा तोंडं खरवडली मी या महिन्यात, हुमैद, अकरा! तेव्हा कुणी फिरकलं नाही इकडे. पाण्याचा तांब्या घेऊनसुद्धा कुणी आलं नाही. आणि आता एक राहिलं तर लगेच – काका, इमाम विचारतायत, काका, परवा शुक्रवार आहे, काका, दार कधी लागणार. लागेल! शुक्रवारी लागेल म्हटलं ना, मग लागेल. बस तिकडे. तिथे नको, तिथे पटाश्या आहेत, त्या लाकडावर बस. आणि तो हुकूम पुन्हा वाचून दाखवू नकोस मला, पाठ झालाय – अंगं राहू द्या, कपडे राहू द्या, घोडे, वेलबुट्टी सगळं राहू द्या, फक्त तोंडं घालवा. तोंड गेलं की ती मूर्ती नाही, नुसती नक्षी. बरोबर आहे. मी नाही म्हणतोय का? पंधरा वर्षं नमाज पढतोय मी, मला नको शिकवूस.

तुला वाटत असेल, म्हातारा अडून बसलाय. कारागिराचा हट्ट. वाटू दे. अरे, तुझा बाप आमच्या घरात राहायला आला ना – अल्ला त्याच्यावर दया करो – तेव्हा तू आईच्या पोटात होतास. अरबांनी शहर जिंकलं आणि सगळ्या बुखाऱ्याला हुकूम सुटला, प्रत्येकानं अर्धं घर त्यांना द्यायचं. तुझ्या बापानं अंगणात कोळशानं रेघ ओढली – एवढं तुमचं, एवढं आमचं. तंदूर आमच्या बाजूला आला, विहीर तुमच्या. मग काय, तुझी आई भाकरीसाठी रेघ ओलांडायची आणि आम्ही पाण्यासाठी, आणि रोज एकमेकांकडे असं बघायचो की आता कापाकापी होते. मी तर तुझ्या बापाशी दोन वर्षं बोललो नाही. शिव्या द्यायचो, आमच्या भाषेत, हसत हसत, म्हणजे त्याला कळू नये. नंतर कळलं की त्याला सगळं कळत होतं! आणि माझा धाकटा भाऊ, अर्तिवान – सतरा वर्षांचा घोडा – तो बरोबर त्या रेघेवर जाऊन बसायचा. ना इकडे ना तिकडे. तुझ्या बापाला विचारायचा, हात कोपरापर्यंत का धुता? जमिनीला कपाळ का लावता? आणि तुझा बाप, भाला पुसता पुसता, मोडक्यातोडक्या बोलीत त्याला सांगायचा. मक्का नावाचं एक गाव, सगळं वाळवंट, तिथले लोक व्यापारी, गावभर देव मांडलेले, प्रत्येक टोळीचा वेगळा. आणि तिथल्याच एका पोरक्या माणसाकरवी देवानं सांगावा धाडला की हे सगळं सोडा, देव एकच आहे. त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याला कुणी लेकरू नाही, त्याला तोंड नाही. आणि त्याच्यापुढे शेठ आणि हमाल एकच. त्या गावानं त्या माणसाला दगड मारले, हाकलून लावलं, असं सगळं तुझा बाप सांगायचा आणि अर्तिवान आ वासून ऐकायचा.

मी चिडवायचो त्याला. म्हणायचो, अरे ज्याला तोंडच नाही त्याच्याशी बोलायचं कुणीकडे बघून? तर काय म्हणाला असेल? म्हणाला, दादा, म्हणून तर बरं आहे. तोंड असलं की लोक तोंडासमोरची जागा धरतात, मग हा पुढचा, तो मागचा, हा जवळचा, तो लांबचा – तोंडच नाही म्हटल्यावर भांडण कशाचं, सगळे एका रांगेत! आता बोल. माझ्या हाताखाली पटाशीला धार लावणारा पोरगा, आणि हे बोलतो. मी एक टपली मारली आणि म्हटलं, कामाला लाग.

पुढं मशीद बांधली तेव्हा तू रांगत होतास. तुला सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं नुसता तमाशा होता. इमाम पुढे अरबीत पढतायत, मागे आमचे कुंभार, विणकर, हमाल उभे, कुणाला एक अक्षर कळत नाही. हा वाकला की तो खाली बसायचा, तो उठला की हा आडवा! मग अर्तिवानला मागे उभा केला. त्याचा आवाज – काय आवाज होता रे, बाजाराच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाचे उंट वळून बघायचे. तो मागून आमच्या भाषेत ओरडायचा – आता वाका! मग जरा थांबून – आता कपाळ टेका! आणि ती अख्खी मशीद वाकायची. मी नव्हतो जात तेव्हा. बाहेर रस्त्यावर थांबून ऐकायचो, तो येईपर्यंत. माझा भाऊ बोलतो आणि सगळं गाव वाकतं, हे ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. तुला खांद्यावर बसवून आणायचा घरी. आठवतं? आठवत असणार, सहा वर्षांचा होतास तू तो गेला तेव्हा.

आता बघ इकडे. नीट बघ त्या दाराकडे – जवळ जा. ती डावी भुवई बघ. मधे तुटलीये ना? आता आलं लक्षात? हं. ओळखलंस. म्हणून राहिलंय ते.

अरब यायच्या आदल्या वर्षीचं काम हे. गावाबाहेरच्या त्या मोठ्या गढीचं दार, फर्नक शेठचं. अक्रोडाचं लाकूड, एकसंध, असलं लाकूड पुन्हा हाताला लागलं नाही माझ्या. शेठ म्हणाला, मधोमध आमचं कुलदैवत पाहिजे, आणि तोंड असं पाहिजे की चोर बघून मागं फिरला पाहिजे आणि पाहुणा बघून आत आला पाहिजे. म्हटलं, देव पाहिलाय कुणी? मग अर्तिवानला समोर बसवला. बसायचा कसला, सारखा पुढे वाकून बघायचा, माझं नाक कसं काढतोस, दाखव, दाखव – आणि मी ओरडायचो, मागं हो, डोळे मीट, भुसा जाईल! ऐकेल तर शपथ. एक कपचा उडाला आणि भुवईच फोडली त्याची. मग मी काय केलं – तशीच फुटकी भुवई दारावर कोरली. शेठला म्हटलं, दैवताची युद्धातली जखम आहे. खूश झाला शेठ! पुढे रोज संध्याकाळी त्याची बायको त्या तोंडापुढे दिवा लावायची.

आणि तिथंच सगळं फिसकटलं. मशिदीत जायला लागल्यावर अर्तिवान माझ्या मागे लागला – दादा, ते तोंड खरवडून टाक. रोज तेच. म्हणायचा, लोक माझ्या तोंडापुढे दिवे लावतात रे, मला झोप येत नाही. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं, माझ्या हातून आयुष्यात झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते, आणि तुझ्या झोपेसाठी घालवू? तर म्हणाला, तू नाही घालवलंस तर मी घालवीन. तेव्हा मात्र मी हात उगारला. मोठा भाऊ मी, बापाच्या जागी, आणि माझ्या कामाला हात लावायची भाषा? घरातून चालता हो म्हणालो. गेला. तुमच्या बाजूला जाऊन राहिला, रेघेपलीकडे. दोन महिने एका अंगणात राहिलो आणि बोललो नाही.

मग तो शुक्रवार – तो तुला माहीत आहे, सगळ्या बुखाऱ्याला माहीत आहे. मशिदीतली माणसं गढीवर गेली, चला नमाजाला म्हणून हाक मारायला. अर्तिवान पुढे, कारण आवाज त्याचा. वरून दगड आले. तो पडला. लोक चवताळले, आत घुसले, दारं उपटून आणली. मी त्याला उचलून मशिदीत आणला. हेच माहीत आहे ना तुला? मग झालं तर. त्या दिवसापासून मला पहिल्या रांगेत जागा आहे. शहिदाचा भाऊ. पंधरा वर्षं दारं कोठारात पडली होती, आता मशीद वाढवली, दारं पाहिजेत, तर ती कुणी साफ करायची? पेसककाकांनी! मान त्यांचा! मला विचारलं कुणी, पाहिजे का मला हा मान?

काय?

कोण म्हणालं? फर्नकचा मुलगा? तो – तो तर आता माझ्याच शेजारी उभा राहतो पहिल्या रांगेत! दाढी बघ त्याची, जशी काही जन्मताच होती. मशिदीला गालिचे काय देतो, तेल काय देतो, त्याच्या बापानं रक्त सांडलं आणि हा... काय म्हणाला तो? नीट सांग. 'काकांना विचारा, त्या दिवशी छतावर कोण कोण होतं.' असं म्हणाला? सगळ्यांसमोर, की तुला एकट्याला? आणि तू त्यासाठी आलास. शुक्रवार नाही, दार नाही, इमाम नाही. मघापासून इथे बसून माझ्या तोंडाकडे बघतोयस ते त्यासाठी. वा रे वा, हुमैद! आमच्या तंदुरातली भाकरी खाऊन मोठा झालास तू!

होतो. होतो मी छतावर! त्याच्या बापाकडे काम चाललं होतं, कठड्याची तुळई बदलायची होती, भाऊ घरात बोलत नव्हता मग मी आणखी कुठे जाणार होतो? खाली गर्दी आली. शेठ वर आला आणि म्हणाला, प्रत्येकानं एक दगड उचलायचा, गड्यानं, माळ्यानं, सुतारानं, जो नाही मारणार तो त्यांचा. सगळ्यांनी उचलले. मी पण उचलला. लहान होता, मुठीत मावेल एवढा. भिंतीवर मारणार होतो मी. नाहीतर मागच्या बाजूला, झाडात. कुणाला काय कळणार होतं?

आणि मग खाली बघितलं. सगळे वर बघून शेठला हाका मारत होते, आणि तो नव्हता बघत वर. तो दाराकडे बघत होता. त्याच्या हातात माझी पटाशी होती, हुमैद. माझी, रुंद पात्याची, ही – ही बघ. त्यानं डावा हात दारावर ठेवला, तोंडावर, असा, आणि पटाशी लावली. मला दुसरं काही दिसलं नाही. माझं काम खराब करतोय, एवढंच दिसलं. म्हटलं, बाजूला हो, मागं हो – आणि मारला.

किती दगड आले वरून! चाळीस तरी असतील. त्यातला कुठला लागला हे कोण सांगणार? फर्नकचा मुलगा सांगणार? तो तर तेव्हा रांजणामागे लपला होता! माझा लहान होता. सांगितलं ना, मुठीएवढा. पण माझ्या आधी कुणी मारला नव्हता. बाकीचे सगळे हातात धरून उभे होते, एकमेकांकडे बघत, की पहिला कोण मारतो. ऐकलंस? आता मिळालं तुझं उत्तर? मी मारल्यावर सगळ्यांनी मारले.

खाली गेलो तेव्हा जिवंत होता. मला वाटलं शिव्या देईल. काहीतरी म्हणेल. ओठ हलले, आवाज नाही आला. एवढा मोठा आवाज त्याचा, आणि नाही आला. उचलला मी त्याला, आणि लोकांना वाटलं मी त्यांच्यासोबतच आलो होतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी गेलो तर रांग सरकली, मला जागा दिली. पंधरा वर्षं, दिवसातून पाच वेळा, कोपरापर्यंत हात धुतोय मी.

रडू नकोस. ऊठ. रडू नकोस म्हणतो ना! तुझा कोण होता तो? खांद्यावर घ्यायचा, झालं! ऊठ आणि जाऊन सांग त्यांना, काय सांगायचं ते सांग, इमामांना सांग, त्या गालिचेवाल्याला सांग. मी नाही म्हणणार नाही. आणि सांग की पहिल्या रांगेतली माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या, मी शुक्रवारी मागे उभा राहीन, तो उभा राहायचा तिथे. राहू देतील तर. आणि दार लागेल. ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही, हे मात्र बजावून सांग. एकच गोष्ट मागितली होती त्यानं माझ्याकडे, एक, आणि ती मला पंधरा वर्षांत जमली नाही. आज जमवतो.

आता नीघ. नाही, मदत नको. दिवा तिकडे सरकव आणि नीघ. बघू नकोस इकडे, जा म्हटलं ना! दार ओढून घे बाहेरून.

...गेला.

चल. असा बस, सरळ. मागं हो जरा. डोळे मीट रे, अर्तिवान – भुसा जाईल.