रोबुस्तियानोचं काम कोण करणार?

— नाही, नाही, तू बोलू नकोस! मान हलव फक्त. आल्याचा तुकडा आहे ना तोंडात? गालच सांगतोय. आमच्या आधीच्या वाचकाचं, एवेलिओचंही असंच असायचं — वाचायला बसायच्या आधी घसा राखायचा. तेव्हा त्याला कोणी येऊन सांगितलं असतं, कारखान्याला आग लागलीय, तरी मान डोलावून गप्प बसला असता. तेव्हा तू गप्प राहा, मी बोलते. माझा घसा कोणाला हवाय? सिगार वळायला हात लागतात. जरा सरक — त्या टोकाला खिळा वर आलाय बाकाचा, झगा फाटेल, आणि फाटक्या झग्यानं आत गेलीस तर आमच्यातली ती बोलकी बेल्किस आधी झगाच वाचेल. मी एनेइदा. तिसऱ्या रांगेत बसते, खिडकीकडून दुसरी. पाणी प्यायला म्हणून बाहेर आलेय, असं सांगायचं कोणी विचारलं तर. तुला भेटले, असं नाही सांगायचं. हं, अशी मान हलव.

कारण तू तिसरी आहेस, बाळ. आम्ही खाली सिगार वळायच्या आणि वर बसून एकानं मोठ्यानं वाचायचं, त्या वाचकाच्या खुर्चीसाठी तुझ्याआधी दोघं येऊन गेले. चांगले शिकलेले होते दोघंही, आणि दोघांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून फसले बिचारे. त्यांना वाटलं, आपण पुस्तक वाचायला आलोय. पण आमच्या सभागृहात ते पुस्तक आता नुसतं पुस्तक राहिलेलं नाही ना! त्याचा सिनेमा झालाय. म्हणजे झालेला नाही — कोणी काढणारही नाही, दिग्दर्शक कुठाय, कॅमेरा कुठाय, इथे पंखा चालेल एवढी वीज राहिली तरी आम्ही टाळ्या वाजवतो — पण कामं वाटून झालीत. कोणाचं काम कोण करणार ते हात वर करून ठरलंय. आता तू आत जाऊन पुस्तकातला कप्तान भलत्याच आवाजात वाचलास तर लोक म्हणणार, हा कोण? आमचा कप्तान कुठे गेला? म्हणून सांगते. नीट ऐक, पुन्हा नाही सांगणार. सांगेन, पण वेळ नाहीये.

पुस्तक तू पाहिलंसच. 'शेवटचं कोण?' — किती गोड नाव! एवेलिओला ते एका बंद पडलेल्या शाळेच्या रद्दीत मिळालं. सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं, दुपारी हे काढलं त्यानं, आणि म्हणाला, 'मंडळी, आज आपल्यावर हल्ला होणार आहे.' तर कुठल्या तरी लांबच्या ताऱ्यावरून सैन्य येतं पृथ्वी जिंकायला, आणि उतरतं कुठे, तर आपल्यासारख्याच एका गावात, आणि बघतं काय, तर रांग! ही लांबच्या लांब रांग. कप्तानाला वाटतं, एवढे लोक एवढ्या शांतपणे उभे आहेत, म्हणजे पुढे काहीतरी भयंकर ताकदीचं असणार. मग तो रीतसर विचारतो, 'शेवटचं कोण?' — एक आजी हात वर करते — आणि अख्खं सैन्य तिच्या मागे उभं राहतं! तीन प्रकरणं उभं आहे, बाई! पुढे काय मिळतंय ते त्यांनाही माहीत नाही, आजीलाही नाही. आम्ही इतके हसलो, इतके हसलो की तंबाखूची पानं फाटायला लागली हातात. तपासनीस सिगार हातात धरून म्हणाला, ही सिगार आहे की उचकी?

तेव्हाच मी म्हणाले, ह्याचा सिनेमा निघालाच पाहिजे. हो, मीच म्हणाले. मला आपलं सहज वाटलं. पण ते म्हणणं काय भोवलं! कप्तानाचं काम कोण करणार? अर्धं सभागृह म्हणतं, ब्राझीलच्या मालिकेतला तो मिशीवाला खलनायक. पेट्या भरणारा ओस्मेल उठला, म्हणाला, 'त्या खांद्यांचा माणूस कोंबडीला घाबरतो हे कोण मानेल?' — कप्तान कोंबड्यांना घाबरतो ना, तो सहाव्या प्रकरणात एका कोंबडीपुढे शरण जातो, तलवार-बिलवार देऊन. मग मी म्हणाले — पुन्हा मीच — आपला आर्सेनिओ काय वाईट आहे? आर्सेनिओ म्हणजे हजेरी घेणारा. छाती अशी पुढे काढून चालतो, आणि बायको फाटकात दिसली की मागच्या खिडकीतून पसार. सगळ्यांचे हात वर! आर्सेनिओ रागावला. आमच्याशी बोलेना. आणि मग एका सोमवारी बघतो तर मिशी राखायला लागलेला! तेव्हापासून कप्तानाचं वाक्य आलं की तो दारात येऊन उभा राहतो, जरा आडवा. तेव्हा कप्तान कसा वाचायचा, कळलं ना? छातीतून सुरुवात, आणि शेवटी हवा गेलेली.

सम्राज्ञी बेल्किस. तीन तोंडांची सम्राज्ञी आहे ना, एक तोंड हुकूम देतं, दुसरं नाही म्हणतं, तिसरं विचारतं जेवायला काय आहे? त्याला मत घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. बेल्किस उठून म्हणाली, 'मला तर एकच तोंड आहे!' — आणि सभागृह असं शांत झालं, असं शांत, की तिलाच हसू फुटलं. आता ती म्हणते, उरलेल्या दोन तोंडांचं काम आईला आणि बहिणीला द्या, घरात तेच चाललेलं असतं. तू ती तिन्ही तोंडं एकमेकांवर चढवून वाच. श्वास घेऊ नकोस मध्ये. बेल्किस घेत नाही.

मग विधवा फिलोमेना. जिच्या अंगणात ते यान उतरतं, आणि जी यानाच्या पायाला दोरी बांधून धुणं वाळत घालते, ती. तिचं काम — ते जाऊ दे. ते असंच... ठरलंय कोणीतरी. साधंच वाच तिला. ती काही विनोदी नाहीये. लोकांना वाटते, पण नाहीये.

आणि रोबुस्तियानो. अगं, खरं तर तेवढ्यासाठीच मी आले. बाकी तू निभावून नेशील, चेहऱ्यावरून हुशार दिसतेस. रोबुस्तियानो म्हणजे यानावरचा यंत्रमानव. कैदी मोजायला आणलेला. कैदी कोणी मिळतच नाही, सगळे रांगेत, म्हणून फिलोमेना त्याला अरवी सोलायला बसवते. तो सोलतो. सोलता सोलता तिचा नवरा कसा गेला ते ऐकतो. एक दिवस त्याच्या मानेतून वाफ निघते, आणि तो घाबरून म्हणतो, बाई, माझ्यात काही बिघाड झालाय का — आणि ती म्हणते, नाही रे, हा उसासा होता. ह्या जागी ओस्मेल रडला. नाकात तंबाखू गेली म्हणाला.

त्या दोघांना परीक्षेला जुनंच, आमचं ऐकलेलं पान दिलं होतं. पहिला उमेदवार आला ना, त्यानं रोबुस्तियानो पत्र्याच्या आवाजात वाचला. मी-आहे-यंत्र, असं. आमच्या चावेता धडाधड जमिनीवर पडल्या. ही बघ चावेता, एप्रनच्या खिशात असतेच माझ्या — ह्याच पात्यानं आम्ही पान कापतो. वाचन आवडलं की ती फळीवर ठोकायची, नाही आवडलं की खाली फेकायची. बिचारा आवाज ऐकून खुर्चीतून उठला, त्याला वाटलं छत कोसळलं. आणि दुसरा? दुसरा जास्त हुशार निघाला, त्यानं कुठून तरी चौकशी केली आणि एवेलिओची नक्कल केली. हुबेहूब! तोच घोगरेपणा, तेच थांबणं. चावेता फेकायलाही कोणाचा हात उठेना. शेवटी बेल्किसच म्हणाली, 'काका, पाणी प्या आणि घरी जा.' बेल्किस, बघ!

कारण रोबुस्तियानोच्या कामाला आम्ही हातच वर केले नव्हते. तो एवेलिओच होता. त्यानं कधी वेगळा आवाज काढला नाही त्याच्यासाठी. आपल्यामुळे कोणाला त्रास तर होत नाही ना, अशी सारखी काळजी असलेला एक सभ्य माणूस, एवढंच.

आणि मग तो दिवस. यान दुरुस्त झालेलं, सैन्य चढतंय, रोबुस्तियानो अजून रांगेत उभा — फिलोमेनासाठी जागा धरून. ती येते. ओले हात पुसत विचारते, 'तूही जाणार का?' एवेलिओनं हे वाचलं. मग पुस्तकातून मान वर केली, तोंड उघडलं. आणि आवाज नाही. आम्ही वाट बघतोय. तोंड उघडं, ओठ हलताहेत, आवाज नाही. अगं, आम्हाला वाटलं, काय हे काम! यंत्राला शब्द सापडत नाहीयेत, हे किती खरं करून दाखवतोय! एकीनं चावेता ठोकली, मग दुसरीनं, मग सगळं सभागृह — अशी ठोकाठोक कधी झाली नव्हती ह्या कारखान्यात, फळ्या उडत होत्या. आणि तो वर, खुर्चीत, हातानं खूण करतोय की थांबा, थांबा... आम्ही आणखी जोरात. तो हसायला लागला शेवटी. डोळ्यांत पाणी, आणि हसतोय. मी सगळ्यात जोरात ठोकत होते.

गाठ होती घशात. काढली. जीव वाचला, आवाज गेला. आता कुजबुजतो नुसता, तेही कान अगदी जवळ नेला तर. म्हणजे — अरवीचं पातळ पिठलं नेऊन देते मी संध्याकाळी, त्याला घट्ट गिळवत नाही ना, म्हणून माहीत आहे. वाटेतच आहे त्याचं घर. तसं वाटेत नाही. पण फार लांबही नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे. हो, लिपस्टिक लावलीय. आज तो आलाय आत, मागच्या भिंतीशी बसलाय. तुझं ऐकायला.

आजचं महत्त्वाचं आहे, बाळ. तुला सांगितलं नसेल त्यांनी. आजही कोणी ठरलं नाही तर सोमवारपासून त्या खुर्चीच्या जागी रेडिओ येणार. वरून तसं ठरलंय. रेडिओला काय, तो सगळ्यांसाठीच बोलतो. आर्सेनिओ कुठला कप्तान आहे ते रेडिओला ठाऊक नाही. आणि मग ती फिलोमेना तिथंच राहणार, ओले हात घेऊन, विचारून बसलेली.

तू विचारशील — विचारू नकोस, घसा! — तू विचारशील, मग पुढचं पान आपण आपलं वाचून का नाही घेतलं? नाही चालत तसं. आमच्यात ती रीतच नाही. जे सुरू केलं ते सगळ्यांनी एकदम ऐकायचं. पुस्तक कपाटात होतं, किल्ली खिळ्याला टांगलेली होती, सगळ्यांना दिसत होती, आणि कोणी हात लावला नाही. बेल्किसनंसुद्धा. पुढे काय आहे ते दोघांनाच माहीत. एवेलिओला — तो घरून वाचून यायचा आदल्या दिवशी. आणि तुला, कारण परीक्षेचं पान तेच दिलंय तुला. हो ना? नको, मान हलवू नकोस!

मी त्याला विचारलं होतं. पिठलं देताना. रोबुस्तियानो काय म्हणाला, एवढं सांग. तो नुसता हसला. मग परवा मी दुसरं विचारलं. म्हणजे कसं झालं, त्याची मुलगी तिकडे लांब ओल्गिन शहरात असते, ती न्यायला येतेय त्याला, रविवारच्या गाडीनं. कायमचं. चांगली मुलगी आहे, तिचंही बरोबर आहे, एकट्या माणसानं आवाजाशिवाय कसं राहायचं. त्याची पेटी खाटेवर उघडी होती. मी भांडं विसळत होते, आणि हात पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं — 'तूही जाणार का?' तूही! आता 'ही' कुठून आला त्यात? दुसरं कोण जातंय? पण तोंडातून तेच वाक्य आलं, जसंच्या तसं, फिलोमेनाचं. मी अशी लाजले, बाई, ह्या वयात! भांडं घेऊन पळणारच होते. त्यानं माझा ओला हात धरला, आणि कुजबुजला, 'ती फिलोमेना विचारतेय की तू?' मी म्हणाले, दोघी. तर म्हणतो, 'मग शुक्रवारी सभागृहात ऐक.'

आज शुक्रवार.

अग बाई, मी हे काय सांगत बसले तुला! मी कप्तानाबद्दल सांगायला आले होते. कप्तान छातीतून, सम्राज्ञी एका दमात... आणि रोबुस्तियानो — ऐक. त्याची नक्कल करू नकोस. पत्र्याचा आवाजही नको, एवेलिओचाही नको. बाईचा आवाज कसा चालेल असं कुरकुरतील दोघं-तिघं, कुरकुरू देत. यंत्राला काय बाई आणि काय बुवा! तू तुझ्याच आवाजात वाच. कोणाला पटो न पटो, पहिली चावेता मी ठोकेन, आणि तिसऱ्या रांगेनं ठोकली की सभागृह ठोकतंच.

फक्त त्या वाक्यापाशी वर बघू नकोस. माझ्याकडे तर नकोच. मागच्या भिंतीकडेही नको. पानात बघून वाच सरळ, तो जाणार असला तरी सरळ वाच, गोड करू नकोस. मला जे आहे ते ऐकायचंय. उगाच बदलू-बिदलू नकोस हं, माझ्यासाठी. मी काही—

हसलीस? आत्ता हसलीस ना तू? आल्यामुळे की... नाही, नाही, नाही! सांगू नकोस! मान नको, भुवई नको, तो चेहराच वळव तिकडे! ह्या बायका, जरा म्हणून पोटात काही राहील तर—

घंटा झाली. ऊठ. आलं थुंक त्या कुंडीत. खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, हलू नकोस फार. आणि माझी लिपस्टिक... दातांना लागलीय का? नाही? बरं. जा. अगं हसू नकोस, जा ना!