जरीनाबाई पाहू का म्हणते

— नाई, तसं एकेका मशीनवर जायचं कामच नाई, पुनमबाई, तेच तं सांगून राह्यली. तुमी नागपूरवरून शिकून आल्या, तुमाले माह्यापेक्षा जास्त समजत असंल, पण ही यादी मी उभी केली, तं चार्ज देता देता एक डाव पुरी सांगते. बसा, पंख्याखाली बसा. हे पहा — आपले बियाण्याचे नऊ डेपो, बल्लारपूर, नागभीड, धानोरा, सगळ्याईच्या मिळून एकवीस मशीनी. कोणाची अडली का आपण इथून, चंद्रपुरातून, या खुर्चीवर बसून तिच्यात शिरतो. तिची स्क्रीन इथी दिसते, आपला माऊस तिथी चालते. शिरायच्या आधी विचारायचं का नाई, काय विचारायचं, कोणाले शिरू द्यायचं — सगळं या एका यादीत. इथी एक टिक मारली का सकाळी मशीन चालू होते तवा ती यादी वाचते आन् तशीच वागते. एकवीसच्या एकवीस.

पह्यले असं नव्हतं ना. पह्यले ज्याची त्याची मर्जी. बल्लारपूरच्या जिशाननं पासवर्ड टाकला आन् सोताच भुलला. आन् नागभीडचे वारलूभाऊ — तुमाले भेटतील, मोठे सज्जन आहेत, एकोणीस वर्सं गोदाम पाह्यलं, धान मुठीत घेऊन सांगतात उगवंल का नाई, आन् त्याईच्यापुढं आणून ठेवली मशीन. मी इथून शिराले गेली का त्याईच्या स्क्रीनवर इंग्रजीत सवाल येये, शिरू द्यायचं का, आन् वारलूभाऊ नाई दाबत. दर खेपेला नाई. फोन केला मी, म्हणलं भाऊ, काऊन नाई म्हणता? तं म्हणाले, बाई, इंग्रजीत काई विचारलं का मी नाईच म्हणतो, हो म्हणलं आन् काई गेलं तं कोणाले सांगू? मंग काय करता, एका प्रिंटरसाठी गाडीत बसून नागभीड. म्हणून ही यादी केली. आन् तो सवाल बदलला — अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली. ‘चंद्रपूरवरून जरीनाबाई पाहू का म्हणते.’ दुसऱ्या दिवशी वारलूभाऊनं हो दाबलं. दाबलं तं दाबलं, नोटपॅड उघडून एका बोटानं लिवलं — या बाई, बसा. आता तिथी कुठी बसू मी? पण बसली ना. चांगली दहा मिनिटं बसली.

चालत होतं असं. मंग भैयाजीले, आपल्या मालकाले, कोणी तरी सांगितलं का या सॉफ्टवेअरमधून सगळ्याईचं काम घरबसल्या पाहता येते. मले केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तो सवाल काढून टाक. मी म्हणलं, भैयाजी, विचारून पाह्यलेलं बरं, लोक आपलेच आहेत. तं म्हणाले, मशीन कंपनीची, कंपनी माही, मी कोणाले विचारू? सोमवारपासून सवाल नको. मालक आहेत, मी काय बोलू? शनिवारी टिक काढली. सोमवारी सगळ्या मशीनीवरून सवाल गेला. आता त्या यादीत भैयाजीची सोताची मशीन कशी आली — ते मले मालूम नाई, यादी आहे, माणसाच्या हातून होते.

तं भैयाजी डेपो पाहून राह्यले आन् मी — नाई, पाहाले म्हणून नाई, लागलं का नाई ते तपासाले — त्याईची मशीन उघडली. तं काय, पत्ते. अकरा वाजतापासून स्क्रीनवर एकट्यानंच पत्त्याचा डाव. तुमी खेळता? मंग समजंल तुमाले. काळी तिर्री उघडी पडली आहे, लाल दुर्री समोर आहे, आन् माणूस ती तिर्रीवर ठेवतच नाई. इकडून तिकडून माऊस फिरवते, नवा पत्ता उलटते, पण दुर्री ठेवत नाई. दोन मिनिटं दम धरला मी. मंग मीच उचलून ठेवली. केबिनमधून आवाज नाई, काई नाई. त्याईले वाटलं असंल, आपल्याच हातानं ठेवली.

हसता तुमी. मीबी हसली. पण बुधवारी उघडली तं पत्ते नव्हते, पत्र होतं. वारलूभाऊच्या नावानं. भैयाजी सोता टाइप करून राह्यले होते, टायपिस्टले समजू नये म्हणून, तेबी एका बोटानं. आन् लिहून काय राह्यले? का तुमचं काम फार हळू आहे, अर्ध्या घंट्यात एक पावती होते, तरी एक तारखेपासून येऊ नये. आता स्क्रीनवर काय दिसते, पुनमबाई? कर्सर लुकलुकते तेवढं दिसते. माणूस उठून गोदामात गेला, गिऱ्हाइकाच्या तळहातावर धान ठेवून समजावून राह्यला, ते दिसते का? नाई दिसत. माहे हात कीबोर्डवर होतेच. ‘येऊ नये’ च्या पुढं मी लिवलं: भैयाजी, मी जरीना, विचारल्याबिगर आली.

तिकडे पत्र थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भैयाजी बाहेर आले, इथीच उभे राह्यले, तुमी बसल्या तिथी. मले वाटलं आता माही नोकरी गेली. म्हणाले, कवापासून पाहून राह्यली? म्हणलं, सोमवारपासून. म्हणाले, विचारलं काऊन नाई? म्हणलं, विचाराले जागाच नाई राह्यली, भैयाजी, तुमीच काढाले लावली. वाकून माह्या स्क्रीनवर पाह्यलं. मंग हळूच म्हणाले, ती दुर्री तू ठेवली का? म्हणलं, हो. म्हणाले, तरीच.

सवाल परत लावाले सांगितलं, सगळ्याईले. म्हणाले, माह्या मशीनवर पह्यले. पत्र गेलं नाई. शुक्रवारी सोता नागभीडले जाऊन वारलूभाऊच्या बाजूले अर्धा दिवस बसून आले, तिथी काय पाह्यलं ते सांगितलं नाई, पण वारलूभाऊ आहेत अजून तिथीच. आन् मी चालली बदलीवर, धानोऱ्याच्या डेपोवर. गुस्सा? नाई हो. मालकाच्या मशीनीत शिरली, त्याईले काई तं करा लागंल ना. मले गुस्सा नाई. माह्या अब्बांनी चाळीस वर्सं कचेरीबाहेर लोकांचे अर्ज टाइप केले, म्हणत, दुसऱ्याचा कागद डोळ्यापुढं आला का आधी त्या माणसाले पुसावं. मी नाई पुसलं. पण काई केलं नसतं तं वारलूभाऊ घरी बसले असते, आन् भैयाजीले कधी समजलंच नसतं, कोणी आपल्या पाठीमागं उभं राहून पाह्यलं तं कसं लागते. म्हणूनच तं सोमवारी आठ वाजता, कोणी यायच्या आधी येऊन मी त्याईची मशीन यादीत —

हं. काय पाहून राह्यल्या माह्याकडे? पासवर्ड वहीत लिवला आहे. माही बस सुटंल. पंखा बंद करून जा.