साहेबांची राहिलेली सही

नाही साहेब, ‘सोमवारी बघू’ हे मी जानेवारीपासून ऐकतोय, आणि आत्ता जिन्यातही तुम्ही तेच म्हणालात. असो. माइक हातात आलाय, तर आधी रीत.

आदरणीय अध्यक्षा वृंदाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, ब्रिटनचे नवे खासदार आणि इथे आयर्लंडातल्या बॉल्सब्रिजच्या आमच्या हॉटेलचे मालक नरेशसाहेब, आणि डून लेरीच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो. मी ज्ञानेश, साहेबांचा आचारी. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा सांभाळून घ्या.

साहेबांची कारकीर्द काय सांगू? सुरुवात डब्यांची. इथल्या कंपन्यांतल्या आपल्या पोरांना वरण-भात पोचवायचे, स्वतः सायकलवर. मग हॉटेल काढलं. मग समुद्रापलीकडे इंग्लंडात दोन. मग तिथेच राहून नगरसेवक, आणि गेल्या महिन्यात पोटनिवडणुकीत खासदार. दर वेळी आम्ही पेढे वाटले. माझ्या वर्क परमिटचा अर्ज मात्र आहे तिथेच. मालकाची एक सही हवी. परमिट तीस तारखेला संपतंय. आज किती तारीख, हे मी सांगायला हवं का?

निवडणुकीत आम्हीही राबलो बरं का. तीन रविवार मी किचनमध्ये साहेबांच्या पत्रकांच्या घड्या घातल्या, दोन हजार. इंग्रजी मला वाचता येत नाही. फोटो छान होता. शेवटच्या गठ्ठ्याला आमची सानिका, कॉलेज करून वेट्रेसचं काम करते ती, म्हणाली, “दादा, यात काय लिहिलंय माहितेय का? बाहेरच्या देशांतून आचारी आणणं बंद करू.”

मी लगेच फोन लावला. “साहेब, म्हणजे मला?”

साहेब हसले. “अरे, ते तिकडचं. तू इकडचा. यू आर ग्रँड, काळजी नको.”

आता ग्रँड माणसाला सही का मिळू नये?

वृंदाताई चिठ्ठी पाठवतायत, आवरा म्हणून. आवरतो. साहेब वाईट नाहीत. मी इथे आलो तेव्हा थंडीनं कुडकुडत होतो, तर अंगातला कोट काढून दिला. तोच आज घातलाय. अर्ज त्याच्याच खिशात आहे, पेनही.

भर सभेत मालकाला अडवलं, बोलण्यात अधिकउणं झालं, पोटात घाला. ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. साहेबांचं विमान रात्रीचं आहे. शाल-नारळाच्या आधी सही झाली, तर उद्या गावी आईला नेहमीचे चारशे युरो जातील. नाही झाली, तर त्यातून माझ्या परतीच्या तिकिटाचे कापून पाठवतोय एकशे दहा.