जीवक म्हणून हाक

आमचा जीवक आता घरभर धावतो ना, त्याच्या नावाचं सांगतो. बुद्धांच्या काळातल्या वैद्याचं हे नाव मी आधीच ठरवलं होतं. आईला पसंत नव्हतं. "पोरं चिडवतील रे. साधं राहुल ठेव."

पोरगं वेळेआधी झालं. चिंचवडच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मी पार खचलो. "आई, राहुल तर राहुल. फक्त घरी येऊ दे त्याला."

आईला आत सोडलं. नर्स म्हणाली, "आजी, नावानं हाक मारा."

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "राहुल म्हणालीस?"

"न्हाई, जीवक. सुनेच्या पोटाशी तू रोज हेच नाव घेऊन बोलायचास. लेकराला दुसरं कुठलं ओळखीचं असणार?"