मुक्ताच्या सहीचं औषध

आयर्लंडमधल्या किलकेनीच्या दवाखान्यात हौसाबाई लेकीची ड्युटी सुटायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी मनगट सुजलेला हृषीकेश बायकोवर करवादला.

"नर्स तपासणार? चल घरी, स्वरांगी. उद्या डॉक्टर गाठू."

"अरे, मास्टर्स केलेली नर्स आहे ती."

"फार तर पट्टी बांधेल!"

हौसाबाईंना राहवेना. "हात मोडलाय, तोरा न्हाय मोडला व्हय रं? माझी मुक्ता हाय ती. एक्स-रे काढाया लावंल, पलास्तर घालंल, औषध सोताच्या सहीनं लिहील, हितल्या कायद्यानं तशी परवानगी हाय तिला. नोकरी करत पुन्हा शिकली ती त्यासाठीच. जा आत!"

तो प्लास्टर घालून बाहेर आला. "आजी, डॉक्टर लागलाच नाही!"

"लागला असता, तर तिनंच बोलावला असता. त्ये कवा बोलवायचं, त्येबी शिकलीया ती."