आत्या, मामी आणि मिठागर

नाही, मला एक सांगा, एका आत्याने किती वर्षं फिरावं? एक वर्ष फिरावं, दोन वर्षं फिरावं, फारच हौस असेल तर पाच... पण चौदा वर्षं? अहो, चौदा वर्षांत वनवाससुद्धा संपतो, पण आमच्या पंढरीची आत्या काही थांबेना!

तुम्हाला सांगतो, पंढरी म्हणजे आमच्या कोपरचा हळदीत गाणारा. मी राहतो ती इमारत त्याच्याच बापजाद्यांच्या जमिनीवर उभी आहे, म्हणजे तसा मी रोज रात्री त्याच्या भातशेतीत झोपतो म्हणा ना. मी ठाण्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, चार पुस्तकं वाचली एवढाच काय तो गुन्हा, त्यामुळे गाणं लिहिलं की पंढरी वही घेऊन माझ्या दारात हजर. चौदा वर्षांपूर्वी असाच आला. 'आत्या फिरली गरागरा, मांडव हलला थराथरा.' मी म्हटलं, पंढरी, यात अर्थ काय? तर म्हणतो, "काका, अर्थ कशाला पायजे? आत्या हाय ना!"

आणि चाललं की हो! चाललं म्हणजे काय, कोपरपासून पार खडवलीपर्यंत आत्या न फिरलेला मांडव शिल्लक राहिला नाही. नवरदेवाची खरी आत्या गुडघे धरून खुर्चीत बसलेली असायची, तर तिलाही दोघं जण काखेत धरून गरागरा फिरवायचे! ती बिचारी ओरडायची, लोकांना वाटायचं रंगात आली.

झालं. पुढच्या वर्षीपासून लग्नघरांतून फोन सुरू. "पंढरीशेठ, आपल्याला एकदम नवीन गाणं पाहिजे हां, फ्रेश!" हा खूश. वहीतलं खरोखरचं नवीन काढून ऐकवायचा, की पलीकडून... "छानै, छानै... पण शेठ, आत्याची मजा नाय येत. कसंय, तेच पाहिजे, पण नवीन पाहिजे!"

ऐकलंत? तेच पाहिजे, पण नवीन पाहिजे! अहो, छत्तीस वर्षांत असा शेरा आमच्या साहेबांनीही कधी मारला नाही, आणि आमचे साहेब फाइल उलटी धरून वाचायचे!

मग आली मामी. 'मामी फिरली भराभरा.' मग काकी, मग करवली, मग विहीण, एका वर्षी बायका संपल्या म्हणून भटजी फिरला. चाल तीच, ठेका तोच. त्याचा कीबोर्डवाला मितेश, तो तर वाजवता वाजवता मोबाइलवर क्रिकेट बघायचा, आणि चुकायचा नाही! कचेरीच्या भाषेत सांगायचं तर पुढची सगळी गाणी 'वरीलप्रमाणे'.

मला राहवेना हो. एक दिवस बोलून गेलो, "पंढरी, तू गायक आहेस का रबरी शिक्का?" हा चहा अर्धा ठेवून उठून गेला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको तुळसा दारात. "काका, काय बोललात तुमी यांना? दोन दिस धड जेवलं नाय." आता काय सांगणार तिला? शिक्का म्हटलं म्हणून?

पंधरा दिवसांनी पंढरी आला. मुलीचं, कृतिकाचं, लग्न ठरलेलं. हातात वही नाही. माझ्या गॅलरीत उभा राहिला, खाडीकडे तोंड केलं आणि आईवरचं गाणं म्हटलं. त्याची आई मिठागरात कामाला होती. स्वतःच्या हळदीच्या दिवशीसुद्धा सकाळी मीठ ओढून आली आणि तसल्या फुटलेल्या पायांना बायकांनी हळद फासली. 'मिठाच्या भेगा, आयेचे पाय... हलद झोंबली, बोलली नाय.' बस. ठेका नाही, गरागरा नाही, कुणी फिरत नाही. मी चष्मा पुसत बसलो. नाव ठेवायला जागा सापडेना, आणि मला जागा सापडेना म्हणजे तुम्हीच विचार करा!

म्हणाला, "काका, पोरीच्या हळदीला हे बोलनार. आत्या नाय. माज्या घरचा मांडव हाय, तिथं तरी माजं चालल ना?"

"चालेल," मी म्हटलं. छातीठोक म्हटलं. छत्तीस वर्षं कुठल्याच कागदावर छातीठोक काही न लिहिलेला माणूस मी!

हळदीची संध्याकाळ. मांडव गच्च भरलेला, कृतिका पिवळीधमक पाटावर, पंढरी नव्या शर्टात. मितेशला म्हणाला, "तू नको वाजवूस," आणि सुरू केलं. पहिल्या ओळीला लोक गप्प. मला वाटलं, जिंकला! कसला जिंकला... त्यांना वाटलं माइक बिघडला. "ओ, चेक करा, चेक करा!" दुसऱ्या कडव्याला कृतिकाचा मामा, मोहने गावाहून आलेला, मागून ओरडला, "ओ दाजी, कोन वारलं काय?" अख्खा मांडव हसला. आणि मग ते सुरू झालं. "आत्या! आत्या! आत्या!"

पंढरीने कुणाकडे बघावं? माझ्याकडे बघितलं. आणि मी, चार पुस्तकं वाचलेला मी, छातीठोक मी... मी ताटातल्या पापडाकडे बघितलं.

तेवढ्यात पाटावरून कृतिका हळूच म्हणाली, "पप्पा, आत्या बोला ना... सगळे थांबलेत."

संपलं. पंढरीने डोळे मिटले आणि आत्या फिरली. तुळसा फिरली, मामा फिरला, आणि मलाही दोघांनी काखेत धरलं, तुम्हाला सांगतो, मीही फिरलो!

इथे संपलं असतं तर रडून मोकळा झालो असतो. पण नाही! कृतिकाने घरातल्या तालमीत ते गाणं मोबाइलवर घेतलेलं. सासरी गेल्यावर एक दिवस आजीची आठवण आली म्हणून टाकलं, आणि जे मांडवात हसले तेच लोक मोबाइलवर ऐकून रडायला लागले! लाखांनी रडले! मग मितेशने त्याच्या खाली ठेका घातला, आणि आता एक हळद अशी नाही जिथे मिठागर नाही. ज्यांच्या सात पिढ्यांनी मीठ फक्त वाण्याकडून आणलं, ते कल्याणचे लोक पायांच्या भेगांवर नाचतात! मोहने गावचा तो मामा सांगत फिरतो, "मी तवाच बोललेलो, दाजी, गाना भारी हाय!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, सुटला एकदाचा आत्याच्या तावडीतून.

परवा बेल वाजली. पंढरी. डोक्यावर काळा गॉगल, हातात वही.

"काका, मिठागर तर झाला. आता वीटभट्टी काढू का?"

"म्हणजे? तुझी आई वीटभट्टीवर पण होती?"

"नाय... पन चालल ना. पाय भाजलं, हलद झोंबली, बोलली नाय..."

"अरे, मिठागर लिहिलंस तेव्हा तुझी आई होती रे त्यात! आता दुसरं काहीतरी लिही ना बाबा, अगदी वेगळं!"

तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग नाही, काही नाही, लहान पोराला समजवावं तसा म्हणाला, "काका, तुमी वाचनारी मानसं, तुमाला नाय कलायचं. लोकांना तेच पायजे, पन नवीन पायजे!"

त्या दिवशी मांडवात पापडाकडे बघणारा माणूस मी, मला तोंड आहे का? वही घेतली, खिशातलं पेन काढलं, 'मिठाच्या भेगा' खोडलं आणि वर 'विटांचे चटके' लिहिलं...

काय सांगू तुम्हाला, एका मात्रेचासुद्धा फरक पडला नाही हो!