किल्ल्या अमरावतीला गेल्या

पोलीस ठाणे पिंपळघाट, ता. १४ मार्च १९६३

नाव अब्दुल सत्तार वल्द शेख दाऊद, वय २०, धंदा मिस्तरीकाम, शिक्षण मराठी दुसरी, राहणार अकोला, हल्ली ठेकेदाराचे काम असेल तेथे. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

येथील कोर्टातून मागे एक आरोपी पळाला होता. तेव्हा मागितलेला पैसा यंदा मंजूर झाला. त्यातून आरोपींसाठी लोखंडी पिंजरा व शेजारी भिंतीवर धोक्याची विजेची घंटी मी बसवली. गावात वीज अजून यायची आहे.

आज सकाळी शिरस्तेदार केशवराव म्हणाले, "आत उभा राह्य, दार बराबर लागते का पाहू." मी आत गेलो. त्यांनी दार ओढले. कुलूप ओढले की आपोआप लागणारे आहे. ते लागले. मग किल्ली शोधली. एक किल्ली अमरावतीच्या ट्रेझरीत ठेवायचा नियम, म्हणून किल्ल्या सांभाळणारे कोर्टाचे नाझर पहाटेच्या मोटारीने गेलेले. त्यांनी दोन्ही किल्ल्या एकाच पाकिटात सील केल्या होत्या.

मी म्हटले, माझी करवत द्या, गज कापतो. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, काम पास व्हायचे आहे, सरकारी मालाला हात लावायचा नाही. मी सांगितले की मुंबईस गोदीत जागा मिळाली आहे, उद्याची गाडी चुकली तर ती जाईल. केशवराव म्हणाले, "नाझर येतीन तवा येतीन." कोर्ट सुरू झाले.

सागवान तोडल्याचा आरोपी पुंजाजी यास पिंजऱ्यात जागा नाही म्हणून व्हरांड्यात खांबाला दोरीने बांधले. तो खिडकीतून मला म्हणाला, "काहून रे बाबू, तुया खटल्याची पेशी कवा हाय?"

"मायी पेशी नाही. मी मिस्तरी आहो."

"मंग मायी जागा काहून घेतली?"

पहाऱ्यावरचे जमादारही हसले. पुंजाजीने आपली अर्धी भाकर त्यांच्या हाती मला पाठवली. मी खाल्ली.

दुपारी जमादार पाणी प्यायला गेले. पुंजाजीने गाठ सोडली, माझ्याकडे पाहिले आणि आवाराच्या भिंतीवरून नाल्याकडे उतरला.

मी त्याला मदत केली असे तुमचे म्हणणे आहे. मी आतून काय मदत करणार? मी ओरडलो का नाही, असे विचारता. धोका दिसल्यास बटण दाबावे, अशी पाटी तेथे मीच ठोकली आहे. गजांतून हात पुरतो. मी बटण दाबले. जमादार परत येईपर्यंत दाबून धरले.

मला ठाण्यात नेता येत नसल्याने हा जबाब पिंजऱ्याबाहेर खुर्ची टाकून लिहिला. तो मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. नाझर अद्याप आलेले नाहीत. सही गजांतून हात बाहेर काढून केली.

अब्दुल सत्तार